बारा वर्षांचा गीझर: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

पूर्वपुणे

नमस्कार. आमचे घर पुण्याच्या पूर्वेकडील, गेल्या वीस वर्षांत वाढलेल्या भागात आहे. इमारतीला महापालिकेचे पाणी अपुरे पडते. हिवाळ्यात बोअरचे आणि मार्चपासून जूनपर्यंत बहुतांशी टँकरचे पाणी वापरावे लागते. न्हाणीघरातील गीझर २५ लिटरचा, २००० वॉटचा, आतून काचेचा लेप असलेल्या पोलादी टाकीचा आहे. तो आम्ही २०१३ च्या दिवाळीत घेतला होता. हे न्हाणीघर मुख्यतः माझ्या ७८ वर्षांच्या सासूबाई वापरतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ पैशांचा नाही.

गेल्या काही महिन्यांत एकामागून एक लक्षणे दिसू लागली आहेत. पाणी तापताना आतून पातेल्यात खडे उकळावेत तसा आवाज येतो. पूर्वी दोन बादल्या पाणी सहज पुरत असे, आता दुसरी बादली अर्ध्यावर असतानाच नळाला कोमट पाणी येऊ लागते. गीझरच्या खाली थंड पाण्याच्या जोडणीपाशी थेंब थेंब पाणी गळते आणि त्याखालच्या फरशीवर पांढरा डाग पडला आहे. आठ दिवस गावी जाऊन आल्यावर पहिले पाणी तांबूस आले. शिवाय या महिन्यात दोनदा गीझर सुरू असताना घरातील वीजच गेली आणि मुख्य पेटीतील खटका पुन्हा वर करावा लागला.

एका मिस्त्रीने कॉइल, थर्मोस्टॅट व वॉशर बदलून टाकी स्वच्छ करण्याचे १,९०० रुपये सांगितले आहेत. दुसरे गृहस्थ दुकानाकडून आले होते. त्यांचे म्हणणे असे की बारा वर्षे म्हणजे गीझरचे आयुष्य संपले, नवा घेतल्यास जोडणीसह ९,५०० रुपये पडतील आणि विजेचे बिलही बरेच कमी होईल. दोघांनीही झाकण उघडून पाहिले नाही. निर्णय घेण्यासाठी नेमके काय तपासून घ्यावे आणि तोपर्यंत हा गीझर वापरावा की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गोदाकाठ

ताई, मी नाशिकला एका कारखान्याच्या देखभाल विभागात अनेक वर्षे काम केले आहे आणि घरातील व शेजारपाजारचे गीझर स्वतः उघडून पाहिले आहेत. आधी शेवटच्या लक्षणाबद्दल सांगतो. खटका का पडतो याचे कारण कळेपर्यंत गीझर वापरू नका. तोवर गॅसवर पाणी तापवून घ्या. बाकीच्या लक्षणांना आठवडाभर थांबता येईल, या लक्षणाला येणार नाही.

आता मूळ प्रश्न. गीझरमध्ये बदलता येणारे भाग बरेच असतात: कॉइल, थर्मोस्टॅट, जास्त तापल्यास वीज तोडणारा कटआउट, वॉशर, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ॲनोड रॉड. यांपैकी काहीही बिघडले तरी गीझर म्हातारा झाला असे म्हणता येत नाही. बदलता न येणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे टाकी. टाकी आतून गंजली किंवा तिच्या सांध्यातून पाणी झिरपू लागले की तिला घरगुती उपाय नाही. बाहेरून वेल्डिंग केले तर आतला काचेचा लेप उष्णतेने तडकतो आणि गंज अधिक वेगाने पसरतो. म्हणून दुरुस्ती की नवा हा प्रश्न वयावरून सोडवायचा नसतो, टाकी पाहून सोडवायचा असतो. दोन्ही तंत्रज्ञांनी ती न पाहताच मत दिले, हे मला पटलेले नाही.

तुम्ही सांगितलेली लक्षणे एकेक करून पाहू. खडखड आवाज क्षारांचा आहे. कठीण पाणी तापले की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार कॉइलवर थर धरून बसतात, या थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुटताना आवाज होतो. थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात सहज जात नाही, ती स्वतःच जास्त तापते आणि कधीतरी तिचे आवरण तडकते. तुमच्या खटक्याचे कारण बहुधा तेच असावे.

पाणी कमी पुरण्याची कारणे वेगळी आहेत आणि इथे एक भेद लक्षात घ्यावा. पाणी तापायला वेळ जास्त लागत असेल, तर कॉइलला मिळणारी वीज कमी आहे. २३० व्होल्टऐवजी २०० व्होल्ट मिळत असतील, तर २००० वॉटची कॉइल जेमतेम १५०० वॉटचे काम करते. तुमच्याकडे मात्र पाणी तापते, पण लवकर संपते. याचा अर्थ टाकीच्या तळाशी क्षारांचा गाळ साचून जागा कमी झाली असावी, किंवा थर्मोस्टॅटच्या नळीभोवती थर बसल्यामुळे तो वेळेआधीच वीज तोडत असावा, किंवा आत येणारे थंड पाणी तळाशी शांतपणे पसरवणारा भाग तुटून ते थेट गरम पाण्यात मिसळत असावे. या तिन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

खालच्या गळतीने घाबरू नका, पण ती नेमकी कुठून होते ते बोटाने चाचपून पाहा. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे साडेतीनशे मिलिलिटरने वाढते. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी पडदी असल्यामुळे वाढलेले पाणी त्याच्या छिद्रातून थेंबाथेंबाने बाहेर पडते, आणि तसे पडणे हेच त्याचे काम आहे. तापतानाच गळत असेल आणि नंतर थांबत असेल, तर टाकी निर्दोष असू शकते. हे छिद्र एम-सील लावून कधीही बुजवू देऊ नका. थर्मोस्टॅट आणि कटआउट एकाच वेळी निकामी झाले, तर वाफेला बाहेर पडायची तेवढीच वाट असते. गीझर बंद असतानाही गळत असेल, किंवा बाहेरच्या पत्र्याच्या कडेतून तांबूस पाणी येत असेल, तर मात्र संशय टाकीवर जातो.

मला सर्वांत जास्त काळजी तांबूस पाण्याची वाटते. काचेच्या लेपात सूक्ष्म भेगा राहतातच. तिथे पोलाद गंजू नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड सोडलेला असतो, जो स्वतः झिजून टाकीला वाचवतो. त्यालाच ॲनोड रॉड म्हणतात. बोअर व टँकरच्या पाण्यात तो एक-दोन वर्षांत संपू शकतो आणि संपला की गंजण्याची पाळी टाकीवर येते. बारा वर्षांत तुमच्याकडे हा रॉड किती वेळा बदलला गेला, हे आठवून सांगा. त्या उत्तरावर बरेच अवलंबून आहे.

वीज वाचण्याच्या दाव्याबद्दलही लिहितो, कारण तो सर्रास ऐकवला जातो. २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे एक युनिट वीज लागते, मग गीझर जुना असो वा नवा. ताऱ्यांचे मानांकन पाहते ते तापलेले पाणी नुसते साठवून ठेवताना किती उष्णता वाया जाते एवढेच. दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्या घरात पाच ताऱ्यांचा फायदा दिसतो. अंघोळीपूर्वी अर्धा तास लावून बंद करणाऱ्या घरात तो नगण्य असतो.

सिद्धेश्वरपेठ

गोदाकाठ यांचे विवेचन शास्त्रशुद्ध आहे, तरीही मी दुसरी बाजू मांडू इच्छितो, कारण सोलापुरात आम्ही अत्यंत कठीण पाणी वापरतो आणि दुरुस्तीच्या मार्गाने मी पुरेसे नुकसान सोसले आहे. नऊ वर्षांच्या गीझरची कॉइल मी बदलली. सात महिन्यांनी वॉशरपाशी गळती सुरू झाली, कारण ज्या पट्टीवर झाकण बसते तीच गंजून खडबडीत झाली होती. तिथे जाड वॉशर लावून दिला गेला. त्यानंतर वर्ष होण्याआधीच टाकी खालून फुटली आणि खोलीच्या भिंतीला ओल आली. तीन दुरुस्त्यांचे मिळून साडेचार हजार रुपये गेले, रंगकामाचे वेगळे. पहिल्याच वेळी कोणीतरी झाकण उघडून मला ती पट्टी दाखवली असती, तर मी त्याच दिवशी नवा गीझर आणला असता.

मी आता एक साधा हिशेब करतो. नव्या गीझरचे ९,५०० रुपये दहा वर्षांवर पसरले, तर वर्षाला ९५० रुपये पडतात. म्हणजे १,९०० रुपयांची दुरुस्ती परवडण्यासाठी जुनी टाकी किमान दोन वर्षे टिकायला हवी. पाच वर्षांच्या टाकीबद्दल मी ही खात्री विचार न करता देईन. टँकरच्या पाण्यावर बारा वर्षे काढलेल्या आणि तांबूस पाणी सोडणाऱ्या टाकीबद्दल मला ती देता येत नाही.

आमच्या आजीकडे तांब्याचा बंब होता, तो तीन पिढ्या चालला. त्याचे कारण त्याची घडण तर होतीच, पण दर काही दिवसांनी त्यातील राख काढून, चिंचेने घासून त्याचे पोट कोणीतरी पाहत असे. गीझर भिंतीवर उंच बसवला जातो आणि त्याचे पोट कोणी पाहत नाही, ही मला खरी अडचण वाटते.

तारजोडणी

मी कोल्हापूर येथे परवानाधारक वीजतंत्री म्हणून काम करतो. केवळ खटक्याबद्दल लिहितो. पेटीत कोणता खटका पडतो ते पाहा. गीझरच्या तारेचा एमसीबी पडत असेल, तर जास्त प्रवाह किंवा शॉर्ट सर्किट आहे. २००० वॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो, त्यामुळे १६ अँपिअरचा एमसीबी विनाकारण पडणार नाही. ज्या खटक्यावर ‘टी’ अक्षराचे चाचणीचे बटण असते, तो आरसीसीबी पडत असेल, तर वीज कुठेतरी गळते आहे. घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडतो, आणि गीझरच्या बाबतीत अशी गळती बहुतेकदा तडकलेल्या कॉइलमधून पाण्यात होत असते. तुम्ही संपूर्ण घराची वीज गेल्याचे लिहिले आहे, त्यावरून तो आरसीसीबीच असावा.

तो वारंवार पडतो म्हणून कोणी त्याला वगळून तार जोडून देण्याची तयारी दाखवली, तर ठाम नकार द्या. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला आरसीसीबी वाचवतो. नळाला किंवा बादलीतील पाण्याला हात लावल्यावर कधी झिणझिण्या आल्या का, हे सासूबाईंना अवश्य विचारा. वयस्कर माणसे अशा गोष्टी सांगत नाहीत, अंगातला अशक्तपणा समजून सोडून देतात.

दुसरे, गीझर दुरुस्त करा अथवा नवा घ्या, त्या जागेचे अर्थिंग आधी तपासून घ्या. सॉकेटला तिसरे भोक आहे म्हणजे मागे अर्थिंगची तार जोडलेली आहेच असे नसते. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील, तर सॉकेटही बदलावे लागेल. नव्या गीझरलाही जुने निखळलेले अर्थिंग तितकेच घातक ठरते आणि दुकानाचा माणूस ते तपासेलच याची शाश्वती नसते.

पूर्वपुणे

सर्वांचे मनापासून आभार. गीझर कालपासून बंद ठेवला आहे. पडतो तो ‘टी’ बटणाचाच खटका आहे. सासूबाईंना विचारले, तेव्हा दोन आठवड्यांपूर्वी नळ बंद करताना बोटांना मुंग्या आल्यासारखे वाटले होते, पण मधुमेहामुळे तसे होत असेल असे समजून त्या बोलल्या नाहीत, असे त्यांनी सांगितले. हे ऐकून मी फार अस्वस्थ झाले.

ॲनोड रॉड बारा वर्षांत एकदाही बदललेला नाही. अशी काही वस्तू आत असते, हे मला इथेच प्रथम कळले. गळती मात्र केवळ तापतानाच होत होती, बंद केल्यापासून जोडणी कोरडी आहे. शनिवारी झाकण उघडून दाखवण्यास पहिला मिस्त्री तयार झाला आहे. नवा घ्यावा लागला, तरी तपासणीचे ३०० रुपये त्याला द्यायचे ठरले आहे. मी उभी राहून काय पाहू?

मुळामुठा

एक वेगळा पर्याय सुचवतो. आपल्याकडे पाइपने गॅस येत असेल, तर गॅस गीझर स्वस्त पडतो, आणि त्यात साठवणीची टाकी नसल्याने ती गंजण्याचा प्रश्नही राहत नाही.

गोदाकाठ

मुळामुठा, तुमचा हेतू चांगला आहे, पण ७८ वर्षांच्या एकट्याने अंघोळ करणाऱ्या व्यक्तीच्या बंद न्हाणीघरात गॅस गीझर बसवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. हवा खेळती नसेल, तर ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला केवळ गरगरते आणि दाराची कडी काढण्याआधीच शुद्ध हरपते. असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवता येत असेल तरच विचार करावा.

ताई, शनिवारी पाहायच्या गोष्टी सांगतो. टाकी रिकामी करताना बाहेर येणारे पाणी बादलीत धरा. पांढरा किंवा मातकट चुरा आला, तर तो क्षारांचा आहे आणि चिंतेचे कारण नाही. लालसर-काळे पापुद्रे आले, तर ते पोलादाचे आहेत. ॲनोडची निदान पेन्सिलीएवढी जाडी उरली असेल, तर टाकी बहुधा सुरक्षित असेल. मधली बारीक तार तेवढीच उरली असेल, तर टाकी काही वर्षे संरक्षणाशिवाय राहिली आहे असे समजा. नंतर मोबाइलच्या उजेडात झाकणाची पट्टी आणि तळाचा सांधा पाहा. गडद निळा किंवा हिरवट चकचकीत लेप सलग दिसला, तर मी १,९०० रुपये खर्च करून ॲनोडही बदलून घेईन. लेप उडून गंजाचे फोड दिसले, तर सिद्धेश्वरपेठ यांचा हिशेब लागू होतो आणि एक रुपयाही त्यावर घालू नये.

नवा घ्यावा लागलाच, तर २५ लिटरचाच हवा का याचाही विचार करा. ६० अंशांचे पाणी २४ अंशांच्या पाण्यात मिसळून ४० अंशांची २० लिटरची बादली भरायला गरम पाणी जेमतेम ९ लिटर लागते. बादलीने अंघोळ करणाऱ्या एका व्यक्तीला १५ लिटर पुरतात आणि कमी पाणी तापते म्हणून वेळही कमी लागतो. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवरच ठेवा. ६० अंशांच्या पाण्याने वृद्धांची त्वचा काही सेकंदांत भाजते, आणि तापमान कमी ठेवल्याने क्षारही कमी बसतात. खोक्यावर आयएसआय चिन्ह व आयएस २०८२ हा क्रमांक पाहून घ्या, आणि हमीपत्रात कठीण पाण्याबद्दलची अट वाचूनच दुकानातून निघा.

पूर्वपुणे

शनिवारची तपासणी झाली. निम्मी बादली भरेल इतका मातकट चुरा निघाला आणि त्यात नखाएवढे काळपट पापुद्रे होते. कॉइलवर बोटभर जाडीचा थर होता. तो ठोकून काढल्यावर आवरणाला केसाएवढी चीर दिसली. ॲनोडच्या जागी केवळ वाकलेली तार होती. झाकणाच्या पट्टीवरचा लेप अर्ध्याहून अधिक गेला होता आणि तळाच्या सांध्याला मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच लावले, तेव्हा गंजाचा तुकडा निघून आत पडला. तो स्वतःच म्हणाला, “ताई, याच्यावर आता पैसे घालू नका.” ज्याने दुरुस्तीचे काम सांगितले होते, त्याच्याच तोंडून हे ऐकल्यावर शंका उरली नाही.

नवा गीझर १५ लिटरचा घेतला. तो बसवण्याच्या आदल्या दिवशी वीजतंत्री बोलावून सॉकेट उघडून घेतले. अर्थिंगची तार मागे होती, पण स्क्रूमधून निसटून नुसती लोंबत होती. ती किती वर्षे तशी होती हे सांगता येत नाही. ती घट्ट करून, सॉकेट बदलून, आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून पाहिले आणि मगच गीझर जोडला. बसवणाऱ्याने जुनाच सेफ्टी व्हॉल्व्ह परत लावायला घेतला होता. खोक्यात नवा असल्याचे मी दाखवल्यावर त्याने तो बदलला. वीज सुरू करण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून टाकी भरल्याची खात्रीही करून घेतली.

ॲनोड तपासण्याचा महिना गीझरच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवला आहे. टँकरचा हंगाम संपल्यावर, म्हणजे जूनअखेरीस, पहिल्यांदा उघडावा असे मनात आहे. हमीच्या काळात बाहेरच्या मिस्त्रीने उघडल्यास हमी जाईल का?

गोदाकाठ

जूनअखेर योग्य आहे. हमी असेपर्यंत कंपनीच्याच सेवाकेंद्राला बोलवा आणि ॲनोड पाहायचा आहे असे तक्रार नोंदवतानाच सांगा, म्हणजे माणूस नवा रॉड व वॉशर सोबत घेऊन येईल. काढलेला रॉड किती झिजला आहे, त्याचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवा; पुढच्या वेळी किती महिन्यांनी उघडायचे, ते त्यावरून ठरवता येईल.